माळढोक की तणमोर? काट्यावरच्या एका वादाची गोष्ट

गेल्या गाळप हंगामातली गोष्ट आहे. रात्रीचे दहा वाजून गेले होते. काट्यावर ट्रॅक्टरांची आणि बैलगाड्यांची रांग थेट गेटाबाहेर गेली होती, नंबर लागायला अजून दीड-दोन तास होते आणि थंडी अशी की शेकोटीजवळून हलवत नव्हते. अशा वेळी काट्यावर ज्या गप्पा निघतात त्यांना आगापिछा नसतो, हे सभासद बंधूंना आम्ही सांगायला नको. उतारा, पहिली उचल, मुकादमाने उचल घेऊन पाठवलेली अर्धीच टोळी, असे फिरत फिरत बोलणे कसे कोण जाणे पाखरांवर आले.

एक तरुण सभासद म्हणाले, "आषाढीच्या सुमारास आमच्या उडदाच्या रानात एक पाखरू नुसत्या उड्या मारत होतं. काळंभोर. डोक्याच्या मागं तुरे. सरळ वर उडायचं आणि तिथंच खाली. दिवसभर तेच. माळढोक होता तो."

"माळढोक कसला उड्या मारतोय!" दुसरे उसळले. "माळढोक म्हंजे केवढा असतो ठावं हाय का? लांडोर असंल."

"लांडोरीला तुरे असे मागं लोंबतात व्हय?"

शेवटी शेकोटीपलीकडे घोंगडी पांघरून बसलेले आबा बोलले. वय ऐंशीच्या पुढे, कारखान्याचे अगदी सुरुवातीचे भागधारक. "तो तणमोर," आबा म्हणाले. "माळढोक निराळा, तणमोर निराळा. आमच्या लहानपणी दोन्ही होते. आता दोन्ही न्हाईत. म्हणून तुम्हाला कळंना."

आम्ही अंकासाठी गाळपाचे आकडे घ्यायला काट्यावर गेलो होतो. मंडळींनी वळून आम्हालाच विचारले, "तुम्ही लिहिणारी माणसं, तुम्हीच सांगा, दोहोंत फरक काय?" खरे सांगायचे तर आम्हालाही त्या वेळी धड सांगता आले नाही. हंगाम संपल्यावर थोडे वाचन केले, जाणत्यांना विचारले, एकदा नान्नजच्या माळावर जाऊन आलो. त्यातून जे हाती लागले ते सभासदांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम नावे. आपल्या लोकांनी ही दोन्ही नावे किती नेमकी ठेवली आहेत पाहा. ढोक म्हणजे लांब मानेचा, लांब पायांचा, पाणथळीत उभा राहणारा पक्षी. तसाच उंच, ताठ मानेचा पक्षी माळावर चालताना दिसला, म्हणून तो माळढोक. गंमत अशी की शास्त्रज्ञांनी त्याला जे लॅटिन नाव दिले, आर्डिओटिस नायग्रिसेप्स, त्यातल्या 'आर्डिओ'चा अर्थही बगळाच होतो. म्हणजे माळावरच्या गुराख्याला आणि परदेशातल्या पंडिताला एकच उपमा सुचली. पुढच्या 'नायग्रिसेप्स'चा अर्थ काळ्या डोक्याचा. नराच्या डोक्यावर काळी टोपी असते आणि पांढरट मानेखाली छातीवर काळा पट्टा.

तणमोराचे तसेच. गवतात राहतो, पावसाळ्यात नराला तुरे फुटतात आणि तो नाचल्यासारख्या उड्या मारतो, म्हणून तणातला मोर. हिंदी मुलखात त्याला खरमोर म्हणतात. शास्त्रीय नाव सायफिओटायडिस इंडिकस.

पण नावावर जाऊ नये. माळढोक हा ढोक नव्हे आणि तणमोर हा मोर नव्हे. मोर हा कोंबड्या-तित्तिरांच्या गणातला. तणमोराचे आणि त्याचे काही नाते नाही. नाते आहे ते माळढोकाचे आणि तणमोराचे आपसांत. दोघेही एकाच कुळातले, ओटिडिडी कुळातले. ऐकायला चमत्कारिक वाटते, कारण एक माणसाच्या कमरेच्या वर येणारा आणि दुसरा गावठी कोंबडीपेक्षाही हलका. पूर्वीच्या पुस्तकांत हे सारे कूळ क्रौंच पक्ष्यांच्या गणात घातलेले असे. आता शास्त्रज्ञांनी त्यांना वेगळे काढून स्वतंत्र गण दिला आहे. जगात या कुळाच्या सव्वीसेक जाती आहेत, त्यातल्या बहुतेक आफ्रिकेत. आपल्या देशात चार आढळतात. हे दोन, तिसरा तराईत आणि आसामात राहणारा बंगाली तणमोर आणि चौथा हिवाळ्यात कच्छ-राजस्थानच्या वाळवंटात येणारा पाहुणा, होउबारा.

एकाच कुळातले म्हणायला पुरावा काय, असे कोणी विचारील. पुरावा पायात आहे. कोंबडीला पुढे तीन बोटे आणि मागे एक बोट असते. त्या मागच्या बोटामुळे ती फांदी पकडून बसू शकते. या कुळातल्या कोणत्याही पक्ष्याला ते मागचे बोट नसते. त्यामुळे माळढोक काय किंवा तणमोर काय, आयुष्यात कधी झाडावर बसत नाही. चरणे, झोपणे, अंडी घालणे, पिलू वाढवणे, सारे जमिनीवर. त्याला झाड दिले तर त्याचा उपयोग नाही, उलट अडचण आहे. ही एक गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे हिच्यापायी बराच घोटाळा झाला आहे.

त्याच कुळात पुन्हा दोघांची घरे वेगळी. माळढोकाच्या घराण्यात चार भाऊ आहेत. दोन आफ्रिकेच्या बाजूला, त्यांतला एक पूर्वी अरबस्तानातही होता. तिसरा ऑस्ट्रेलियात आणि चौथा हा आपला. तणमोर मात्र आपल्या घराण्यात एकटाच. त्याच्यासारखा दुसरा कोणी जगात नाही. हा गेला तर त्याचे घराणेच संपले.

आता अंगपिंड. माळढोकाचा नर एक मीटरभर उंच, वजन आठ किलोपासून चौदा किलोंपर्यंत. उडू शकणाऱ्या पक्ष्यांत जगातल्या सर्वांत वजनदारांपैकी हा एक. मादी त्याच्या निम्म्यानेच. तणमोराचा नर अर्ध्या किलोच्या आत-बाहेर, आणि येथे उलटा प्रकार, मादी नरापेक्षा जरा मोठी आणि जड. पावसाळ्यात तणमोराचा नर काळाभोर होतो, पंखांवर पांढरे, आणि कानांच्या मागून तीन-तीन बारीक तुरे निघून मागे वळलेले, टोकाला चमच्यासारखे पसरट. एरवी नर-मादी दोन्ही वाळल्या गवताच्या रंगाची, पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. तेव्हा काट्यावरच्या वादाचा निम्मा निकाल येथेच लागतो. काळे पाखरू, मागे तुरे, महिना आषाढ, आबांचे बरोबर होते.

उरलेला निम्मा निकाल उडीत आहे. माळढोक आणि तणमोर या दोघांतही लग्न म्हणून काही नसते. नर आपली जागा धरतो, खेळ करतो, मादी येते, पाहते, जाते आणि पुढची अंडी-पिले सारी ती एकटी निभावते. पण खेळ करण्याची रीत दोघांची राहत्या जागेप्रमाणे पडली आहे. माळढोक उघड्या माळावर राहतो. तेथे तो लांबूनच दिसतो, त्याला उडी मारण्याचे कारण नाही. तो उंचवट्यावर उभा राहतो, शेपूट वर करतो आणि गळ्याची पिशवी फुगवून पायांपर्यंत लोंबवतो. मग घुमल्यासारखा खोल आवाज काढतो. शांत वेळी तो अर्ध्या किलोमीटरवर ऐकू जातो.

तणमोर मात्र गुडघाभर गवतात असतो. तेथे नुसता उभा राहिला तर मादीला दिसणार कसा? म्हणून तो उडी घेतो. गवताच्या वर दीड-दोन मीटर सरळ उंच, पंख फडफडवीत, बेडकासारखा घरघर आवाज करीत, आणि पुन्हा त्याच जागी खाली. एकेक नर दिवसाकाठी पाचशेपर्यंत उड्या मारतो असे अभ्यासकांनी मोजले आहे. अर्ध्या किलोचे पाखरू आणि पाचशे उड्या! आपल्या तोडणी कामगारांच्या दिवसभराच्या वाकण्याशीच याची तुलना करावी. आणि याच उडीने त्याचा घात केला. साहेबांच्या काळात शिकारी गवताच्या कडेला बंदूक धरून बसत आणि नर वर आला की पाडीत, तेही ऐन विणीच्या हंगामात.

माळढोकाचीही शिकार थोडी झाली नाही. रॉबर्ट मॅन्सफील्ड नावाच्या एका इंग्रजाने १८०९ ते १८२९ या वीस वर्षांत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात ९६१ माळढोक मारल्याची नोंद आहे. एका माणसाने, एका जिल्ह्यात. हा आकडा आम्ही दोनदा वाचला. त्यातून एक समजते की आपल्या या कोरडवाहू मुलखात एके काळी माळढोक किती असतील.

मात्र दोघांच्या नाशाचा दोष बंदुकीवर टाकून मोकळे होता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोघांनाही पहिल्या अनुसूचीत घातले, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच यांना. शिकार बरीच थांबली. पाखरे मात्र कमी होतच गेली, कारण त्यांचे घर गेले. आणि घर कोठे गेले, हे सांगताना आम्हा ऊसवाल्यांना जरा खाली मान घालावी लागते.

माळढोकाचे घर म्हणजे पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसाचा, मुरमाड, बारीक कुसळीचा उघडा माळ आणि त्याला लागून ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमूग अशी जिराईत शेते. त्याला दूरवर दिसले पाहिजे. लांडगा, कुत्रा, माणूस कोठून येतो आहे हे मान वर केल्याबरोबर कळले पाहिजे. तो नाकतोडे, टोळ, भुंगेरे, सरडे खातो, बोरे खातो, थोडे धान्यही खातो. जुन्या पद्धतीच्या जिराईत शेतीशी त्याचे भांडण नव्हते. निम्मे पोट त्याचे शेतावरच भरत असे. तणमोराला माळापेक्षा दाट गवत लागते. पवन्या, मारवेल अशी गवते पावसाने गुडघ्यापर्यंत आली की तो येतो, जुलै ते सप्टेंबर वीण करतो आणि मग पांगतो. गुजरातेत भावनगरजवळ वेळावदर, मध्य प्रदेशात रतलामकडचे सैलाना, राजस्थानात अजमेर-भिलवाडा, आणि आपल्याकडे विदर्भात अकोला-वाशीम ही त्याची विणीची ठिकाणे. पाऊस संपला की त्यातले कित्येक दख्खनकडे उतरतात. गवत उरले नाही तर तो मूग, उडीद, सोयाबीनच्या रानातही अंडी घालतो. बिचाऱ्याला तेवढीच उंची सापडते.

उसाचे तसे नाही. लागण झाली की बारा ते अठरा महिने ते रान बंद. वर दोन पुरुष पाला, आत अंधार, खाली ओल. त्यात साळिंदर राहील, रानडुक्कर राहील, हल्ली जुन्नरकडे बिबट्याही राहतो, पण माळढोकाला तेथे पाऊल ठेवता येत नाही. त्याच्या दृष्टीने ऊस म्हणजे भिंत. १९८० साली उजनी धरण पुरे झाले, पुढे कालवे आले, उपसा योजना आल्या, आणि ज्या माळांवर बाभूळही तग धरत नव्हती तेथे ऊस उभा राहिला. आपल्या पिढीने हे पाणी मिळवण्यासाठी काय सोसले ते आपल्याला ठाऊक आहे. त्याबद्दल आम्ही कोणाला बोल लावणार नाही. ज्यांनी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडली त्यांना माळ राखा म्हणून सांगण्याची आमची जीभ रेटत नाही. पण झाले ते झाले म्हणून सांगितले पाहिजे.

आणखी एक गोष्ट झाली ती आमच्या हातून नव्हे. सरकारी कागदावर माळाला पडीक म्हणतात. पडीक दिसले की ते कामाला लावावे असे प्रत्येक खात्याला वाटते. कोठे वसाहत आली, कोठे झाडे लावली. नान्नजच्या माळावरसुद्धा एके काळी गिरिपुष्प लावले गेले. हेतू चांगला होता, पण ज्या पक्ष्याला झाडावर बसता येत नाही आणि ज्याला लांबवर दिसले पाहिजे त्याच्या घरात झाडे लावणे म्हणजे आपल्या देवघरात गोठा बांधण्यासारखे. उलट अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमात जेथे नुसते चराईबंदी करून गवत राखले तेथे माळढोक येऊन राहिला. सोलापूरचे पक्षीमित्र बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजचे हे माळढोक लोकांच्या नजरेस आणले. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे असद रहमानी यांनी १९८० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला.

त्यातूनच १९७९ साली माळढोक अभयारण्य जाहीर झाले, आणि येथून आपल्या भागातल्या कटकटीला सुरुवात झाली. अभयारण्य केवढे? ८४९६ चौरस किलोमीटर! सोलापूर आणि आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले तालुकेच्या तालुके त्यात आले. गावे, वाड्या, बाजारपेठा, बागायत, सारे अभयारण्यात. खरा माळ त्यात तुकड्या-तुकड्यांनीच होता. जमिनीच्या खरेदी-विक्रीला अडचण, कर्जाला अडचण, रस्त्याला आणि कालव्याला परवानगी. मुलीच्या लग्नासाठी एकरभर विकायचे तर तेही अडलेले. ज्या पाखराविषयी माणसांना आजवर राग नव्हता, त्याचे नाव काढले की माणसे चिडू लागली. आमच्या मते या दोन्ही पक्ष्यांच्या बाबतीत झालेली सर्वांत मोठी चूक हीच. नकाशावर मोठी रेघ मारली आणि जी थोडी हजार एकर गवताची जमीन जपायला हवी होती तिच्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर, सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने, अभयारण्य सुमारे १२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोवर माळढोकच जवळजवळ संपला होता. अलीकडच्या वर्षांत नान्नजला एखाद-दुसरा दिसला तर बातमी होते.

आम्ही गेलो त्या दिवशी काळविटांचा कळप दिसला, एक लांडगा ओढ्याच्या कडेने गेला, चंडोल खूप होते. माळढोक दिसला नाही. बरोबरच्या वनरक्षकाने एका उंचवट्याकडे बोट करून सांगितले, पूर्वी नर तेथे उभा राहायचा. आम्ही त्या उंचवट्याकडे थोडा वेळ पाहत राहिलो आणि परत फिरलो.

आता देशातला हिशोब. १९६९ मध्ये देशात १२६० च्या आसपास माळढोक असावेत असा अंदाज होता. आज दीडशेच्या आत आहेत, आणि त्यातले बहुतेक सारे एकट्या राजस्थानात, जैसलमेरच्या बाजूला. तेथे त्याला गोडावण म्हणतात आणि तो त्या राज्याचा राज्यपक्षी आहे. डॉ. सलीम अली यांनी तर राष्ट्रीय पक्षी म्हणून माळढोकाचा पुरस्कार केला होता. १९६३ साली मान मोराला मिळाला. आंतरराष्ट्रीय लाल यादीत माळढोक २०११ साली 'अतिसंकटग्रस्त' ठरला. यापुढची पायरी म्हणजे रानातून नाहीसा होणे.

तणमोर त्या पायरीवर दहा वर्षे उशिरा, २०२१ साली आला. पण त्याचे आकडे वाचताना एक फरक दिसतो आणि तो आम्हाला महत्त्वाचा वाटतो. १९८२ साली तणमोर सुमारे ४३७४ मोजले गेले. पुढे दुष्काळ पडले आणि १९८९ साली ते १६७२ वर आले. म्हणजे निम्म्याच्याही खाली. पण पाऊस बरा झाला तसे १९९९ पर्यंत पुन्हा ३५३० झाले. रवी शंकरन यांच्यासारख्या अभ्यासकांनी रानोमाळ हिंडून हे मोजले. माळढोकाच्या बाबतीत अशी उसळी कधी दिसली नाही. कारण साधे आहे. माळढोकाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कुत्र्याने ते नेले, शेळीच्या पायाखाली आले, की बहुधा ते वर्ष वाया. तणमोराची मादी तीन-चार अंडी घालते. आपल्या भाषेत सांगायचे तर माळढोक हा मुद्दलावर जगणारा, व्याज नाहीच. तणमोराला एका चांगल्या पावसाळ्यात बरेच भरून काढता येते.

बरेच, पण सारे नव्हे. भरून काढायला गवत शिल्लक पाहिजे. २०१७-१८ च्या देशव्यापी पाहणीत तणमोर सातशेच्या आसपासच निघाले. एकोणीस वर्षांत शंभरातले ऐंशी गेले, आणि या वेळी त्याचे खापर एकट्या दुष्काळावर फोडता येत नाही. माळ नांगरले गेले, गवत वेळेआधी कापले गेले, चराई वाढली, सोयाबीन-कपाशीवरची फवारणी वाढली, मोकाट कुत्री वाढली.

माळढोकाला आणखी एक शत्रू निघाला आहे, विजेच्या तारा. याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. बाजूचे आणि मागचे त्याला चांगले दिसते, नाकासमोरचे फार थोडे. अंग जड. तार दिसली तरी ऐन वेळी वळता येत नाही. जैसलमेरला सौर आणि पवनविजेच्या तारांचे जाळे झाले, तसे माळढोक तारांवर आपटून मरू लागले. एम. के. रणजितसिंह आणि इतरांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये त्या भागातल्या तारा जमिनीखालून नेण्याचा हुकूम केला. मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञांची समिती नेमली, कारण सौर वीजही देशाला हवीच. दोन चांगल्या गोष्टींचे भांडण लागले की न्यायाधीशांनाही कठीण जाते. आपल्याकडच्या कालव्याच्या आणि माळाच्या भांडणाची आम्हाला येथे आठवण झाली.

एक बातमी मात्र बरी आहे. २०१९ पासून राजस्थानात सम येथे माळढोकाचे पैदास केंद्र चालू आहे, रामदेवरा येथे दुसरे झाले. रानातली अंडी काळजीपूर्वक उचलून यंत्रात उबवतात, पिलांना हाताने भरवून वाढवतात. २०२३ मध्ये अशा वाढवलेल्या पक्ष्यांच्या मीलनातून पहिले पिलू झाले. २०२४ मध्ये कृत्रिम रेतनानेही पिलू झाले. आपल्याकडे गाई-म्हशींना जे केले जाते तेच! केंद्रातल्या पक्ष्यांची संख्या साठाच्या वर गेली आहे. पण हे पक्षी पुढे सोडायचे कोठे? त्यासाठी माळ लागेल, आणि माळ यंत्रात उबवता येत नाही.

तणमोरासाठी कामाची रीत निराळी आहे, कारण तो माणसांच्या शेतातच राहतो. मध्य प्रदेशात सैलान्याच्या बाजूला शेतात तणमोर आल्याची वर्दी देणाऱ्या आणि त्याला राखणाऱ्या शेतकऱ्यांना वनखाते रोख बक्षीस देते. आपल्याकडे अकोला-वाशीम भागात फासेपारधी समाजातली मंडळी तणमोराचा माग ठेवतात, घरटी राखतात. ज्यांचे वाडवडील फास लावून तित्तिर-तणमोर धरीत, त्यांच्याइतका त्याचा माग दुसऱ्या कोणाला लागणार?

कोणी सभासद म्हणतील, आम्हाला याचा उपयोग काय? हे पक्षी उसातली खोडकीड खातात म्हणून आम्ही खोटा हिशोब मांडणार नाही. ते उसात शिरतच नाहीत. जिराईत रानात नाकतोडे आणि टोळ खातात एवढा उपयोग आहे, त्यापलीकडे पैशात मोजण्यासारखे काही नाही. तरी काही गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि त्यांना खर्च नाही. ज्यांच्याकडे अजून मुरमाड तुकडा किंवा गावाचे गायरान शिल्लक आहे त्यांनी त्यातले गवत ऑक्टोबरपर्यंत कापू नये, जाळू तर नयेच. मूग-उडदाच्या रानात असे पाखरू दिसले तर तेवढ्या कोपऱ्यात दोन-तीन आठवडे खुरपणी आणि फवारणी थांबवावी. तणमोराची अंडी एकवीस-बावीस दिवसांत फुटतात आणि पिले लगेच चालू लागतात. जवळ जाऊ नये, कुत्री सोडू नयेत. मोबाईलवर फोटो काढून गावभर धाडू नये, कारण दुसऱ्या दिवशी पाहायला शंभर माणसे येतात आणि मादी अंडी सोडते. वनखात्याला १९२६ या क्रमांकावर कळवावे. अशी वर्दी दिली म्हणून जमीन जाते असा समज काही ठिकाणी आहे. अभयारण्याची अधिसूचना शासन काढते, एका फोनने ती निघत नाही.

हा मजकूर लिहून झाल्यावर आम्ही त्या तरुण सभासदांना ऑफिसात बोलावून घेतले आणि सांगितले की तो तणमोर होता, आबांचे खरे निघाले. त्यांना आनंद झाला. आबांना चहा पाजावा लागणार म्हणाले. मग आम्ही विचारले, या वर्षी पावसाळ्यात त्या उडदाच्या रानावर जरा लक्ष ठेवता येईल का?

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, त्या रानात आता बोअरला पाणी लागलंय. जुलैत आडसाली लागण केली. नोंद आपल्याच शेतकी ऑफिसात आहे."

आम्ही नोंदवही काढून पाहिली. दोन एकर दहा गुंठे, को ८६०३२.